नेरुरकर काकांचा कॉमा

आमच्या सोसायटीत नेरुरकर काकांसमोर कोणी विशेषण वापरायला धजत नसे. वापरलं की पकडला गेलाच म्हणून समजा. आमचे सेक्रेटरी घाग यांनी एकदा जिन्यात सहज म्हटलं, "आम्हाला जावई चांगला मिळाला हो काका." काका दोन पायऱ्या वर होते. ते तिथेच थांबले, हातातली पिशवी कठड्याला टेकवली आणि म्हणाले, "फॉर एक्झाम्पल?"

लग्नाला जेमतेम तीन आठवडे झाले होते. घाग जरा चाचरत म्हणाले, "म्हणजे... निर्व्यसनी आहे."

"ते काय नाही ते सांगितलंस. काय आहे ते सांग."

घाग घरी गेले आणि जावयात नेमकं चांगलं काय आहे ते त्यांनी बायकोला विचारलं. त्यावरून त्या घरात संध्याकाळभर भांडण चाललं होतं, आणि आमच्या इमारतीच्या भिंती पातळ असल्यामुळे ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. जावई बिचारा खरंच चांगला निघाला, पण त्याला बरीच वर्षं लागली.

स्वतः बोलताना काका 'फॉर एक्झाम्पल' म्हणत आणि गप्प होत. तो कॉमा. औपचारिक इंग्रजीत 'फॉर एक्झाम्पल' नंतर कॉमा द्यायचा असतो हे पुष्कळांना माहीत असतं. काका तो बोलतानाही देत. डोळे मिटायचे, उजव्या हाताचं पहिलं बोट हवेत धरून खाली जरा वळवायचं, आणि मगच उदाहरण. आधी हा कॉमा तीनेक सेकंदांचा होता. पुढे काकांचं वय वाढलं तसा तोही वाढत गेला, आणि माणसं त्या कॉमातून पसार व्हायला शिकली. आमच्याच इमारतीतल्या छेडा बंधूंपैकी धाकटे एकदा काकांच्या घरी अडकले होते, ते कॉमा पडताच उठले, चपला हातात घेऊन बाहेर पडले आणि थेट रस्त्यावर आले. काकांनी डोळे उघडले आणि उदाहरण रिकाम्या खुर्चीला सांगितलं. अर्धवट वाक्य सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मुलुंड पूर्वेला, मिठागर रस्त्यावरून आत वळलं की आमची श्रमसाफल्य सोसायटी आहे. तीन मजले, लिफ्ट नाही. काका पहिल्या मजल्यावर राहत. काकू गेल्यापासून एकटेच. मुलगी गोरेगावला, ती रविवारी माशाचा डबा घेऊन यायची. काकांचे वडील वेंगुर्ल्याकडून गिरणीत आलेले, पण काकांचं इंग्रजी चांगलं म्हणून ते फोर्टात एका आगबोट एजंटाच्या ऑफिसात लागले, क्लेम खात्यात. बोटीतून आलेला माल भिजला, फुटला, हरवला, की भरपाई मागणारं पत्र काकांनी लिहायचं. पहिल्याच आठवड्यात साहेबाने त्यांचं पत्र परत टाकलं. "माल खराब झाला असं तू म्हणतोस. बोटवाला म्हणणार, नाही झाला. मग मी काय करू? पेटीचा नंबर दे, आतल्या कपबशा किती फुटल्या ते लिही." काका गोदीत गेले, पेटी उघडायला लावली आणि फुटलेल्या कपबशा मोजून आले. त्या दिवशी त्यांचा उदाहरणावर जो विश्वास बसला तो देवावरच्या विश्वासापेक्षा काकणभर जास्तच होता. देवाबद्दलही ते म्हणायचे, "असेल. पण पेटीचा नंबर कोणी देत नाही."

निवृत्त झाल्यावर हे सगळं ज्ञान आमच्यावर कोसळलं. रविवारी सकाळी सोसायटीतल्या मुलांना ते फुकट इंग्रजी शिकवत, आणि आमचे आईवडील आम्हाला फुकट म्हणूनच पाठवत. तिथे मी विरामचिन्हं शिकले, ती अशी: "फॉर एक्झाम्पल हा पाहुणा आहे. पाहुणा दारात चपला काढतो, तेवढा वेळ त्याला द्यायचा. तो कॉमा." मग 'सच अ‍ॅज'? "तो घरचाच माणूस. तो सरळ आत येतो, त्याला कॉमा लावून दारात उभा करू नका." वाक्याच्या मध्ये 'फॉर एक्झाम्पल' आलं तर आधी सेमीकोलन, आणि उदाहरणं लांबलचक असली तर त्यांच्या मध्येही सेमीकोलन, "नाहीतर एकीचं लुगडं दुसरीच्या दोरीवर जातं." फॉर एक्झाम्पलच्या जागी ई आणि जी ही दोन अक्षरं टिंबं देऊन सरकारी पत्रात घालणं म्हणजे बनियनवर बँकेत जाणं. पण त्यांचा खरा राग एटसेट्रावर होता. तो शब्द कोणाच्या वहीत दिसला की काकांची मालवणी सुटायची. "शिरा पडो तुझ्या तोंडार! एटसेट्रा म्हणजे काय, माहीत आहे? 'पुढचं मला ठाऊक नाही, पण तुम्ही मोठेपणा द्या.' दोन उदाहरणं असतील तर दोन लिही मेल्या. एकच असेल तर एक लिही. नसेल तर गप बस."

मी दहा वर्षांची असताना 'माझी आई' या निबंधात लिहिलं होतं, आई प्रेमळ आहे. काकांनी वाक्याखाली रेघ मारली आणि मला उदाहरण आणायला घरी पाठवलं. आमची आई म्हणजे परबबाई, शाळेत पीटीची शिक्षिका. अर्ध्या मुलुंडला तिने शिट्टी फुंकून मैदानाला चकरा मारायला लावल्या आहेत. मी दोन दिवस वही घेऊन तिच्या मागे मागे फिरले. तिसऱ्या दिवशी ती वैतागली आणि पाठीत एक धपाटा बसला. मी रडत काकांकडे गेले. काकांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, 'प्रेमळ' खोडलं, तिथे 'कडक' लिहिलं आणि म्हणाले, "आता उदाहरण आहे ना तुझ्याकडे? लिही. रडू नको, वही भिजते."

सोसायटीची इंग्रजी पत्रं अर्थात काकाच लिहीत, आणि उदाहरण स्वतः पाहिल्याशिवाय लिहीत नसत. पाण्याचा दाब कमी आहे अशी तक्रार द्यायची होती, तेव्हा ते पहाटे साडेपाचला घड्याळ घेऊन घागांच्या बाथरूममध्ये जाऊन बसले. पालथ्या टबावर. बादली भरायला किती मिनिटं लागतात ते बघायला. घागवहिनी टॉवेल घेऊन बाहेर ताटकळत उभ्या. त्यांनी दोनदा दार वाजवलं. आतून आवाज आला, "अजून अर्धीच झाली!" पत्र गेलं, त्यात लिहिलं होतं की, फॉर एक्झाम्पल, खोली नंबर पाच, मंगळवार, बादली एक, मिनिटं चोवीस. आठवड्यात पाणी सुधारलं. घागवहिनी मात्र काका जिन्यात दिसले की पदर सावरून भिंतीकडे तोंड करायच्या.

मोठी झाल्यावर मी वांद्र्याला एका ऑफिसात लागले. दिवसभर इंग्रजी पत्रंच लिहिते. काकांचे डोळे अधू झाल्यापासून त्यांची पत्रं टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. ते सांगत, मी बोटं चालवत असे. 'फॉर एक्झाम्पल' आलं की मी कॉमा टाइप करून त्यांचे डोळे उघडायची वाट बघत असे. त्यात माझा चहा व्हायचा.

आता बाकड्याकडे येते.

आमच्या गेटबाहेर फुटपाथवर सिमेंटचं एक जुनं बाकडं आहे. कोणा नगरसेवकाने दिलेलं, नाव केव्हाच पुसलं गेलंय. दोन वर्षांपूर्वी वॉर्ड ऑफिसातून नोटीस आली की फुटपाथ सुधारायचा आहे, सबब 'वापरात नसलेले' बाकडे काढण्यात येईल, हरकत असल्यास पंधरा दिवसांत कारणांसह लेखी कळवावी.

आईने ती दोनदा वाचली, चष्मा काढला आणि भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती.

कारण सांगते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, मी आणि आई दोघीच. आईचे गुडघे गेलेत. बाजारातून आली की ती त्या बाकड्यावर बसते, दम खाते, आणि मग जिना चढते. पण हे कबूल करणं म्हणजे पीटीच्या बाईंनी स्वतःचीच शिट्टी गिळण्यातला प्रकार. कोणी विचारलं की ती म्हणे, "भाजीवाल्याची वाट बघतेय." मला सगळं दिसत होतं, आणि मीही "हो का, आला का भाजीवाला?" म्हणून नाटकात सामील व्हायची. मागे एकदा बाकड्याला रंग दिला होता, ओला होता दोन दिवस. ते दोन दिवस आई खाली उतरलीच नाही. म्हणाली, आज बाजारात काही चांगलं नसतं. तेव्हा मला कळलं की बाकडं गेलं तर आई घरातच बसणार, आणि एकदा घरात बसलेलं माणूस परत उठत नाही. भीती वाटली मला. खूप वाटली.

घागांनी हरकतीचं पत्र मोबाईलकडून लिहून घेतलं होतं. सभेत वाचून दाखवलं. झकास इंग्रजी होतं. बाकडं हे समाजाच्या एकोप्याचं प्रतीक आहे, समाजातले विविध घटक त्याचा लाभ घेतात, फॉर एक्झाम्पल, ज्येष्ठ नागरिक, लहान मुलं, एटसेट्रा.

काका खुर्चीत ताठ झाले. "कोण ज्येष्ठ नागरिक?"

"म्हणजे असेच... ज्येष्ठ."

"नाव काय त्याचं? कुठल्या मजल्यावर राहतो? ह्या तुझ्या मोबाईलान बाकडं बघितल्यान काय?"

"काका, सरकारी पत्र आहे हो. असंच लिहितात."

"म्हणून असंच रद्दीत जातं. दे इकडे."

पुढचा आठवडाभर काका खिडकीत बसून होते. त्यांची खिडकी नेमकी बाकड्यावर. मांडीवर वही, डोळ्याला त्यांच्या ऑफिसातली जुनी दुर्बीण. खाली बसणाऱ्यांना वाटलं, म्हातारा पक्षी बघतोय.

शनिवारी त्यांनी मला पत्र सांगितलं. इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगते. सदर बाकडे वापरात आहे. फॉर एक्झाम्पल (इथे माझा चहा झाला), सोसायटीचे सेक्रेटरी श्री. घाग रोज संध्याकाळी सात वाजता या बाकड्यावर बसून वडापाव खातात, कारण घरी त्यांना उकडलेला दुधी असतो. छेडा बंधू, जे वडिलांचा फोटो कोणाच्या भिंतीवर लावायचा यावरून आठ वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, ते दर रविवारी बाकड्याच्या दोन टोकांना बसून एकच वर्तमानपत्र वाचतात, एकाने वाचलेलं पान मध्ये ठेवायचं आणि दुसऱ्याने उचलायचं. आणि श्रीमती परब, तिसरा मजला, बाजारातून आल्यावर इथे साधारण अकरा मिनिटं बसतात, कारण त्यांना गुडघ्यांमुळे एका दमात जिना चढवत नाही. भाजीवाल्याची वाट बघते असं त्या सांगतात. भाजीवाला या गल्लीत येत नाही.

माझी बोटं थांबली. "काका, आईचं नको ना. तिला चालणार नाही."

"खोटं आहे?"

"खोटं नाही."

"मग दुसरं दे. तितकंच खरं असलेलं." काका हळू आवाजात म्हणाले, "घागाचा वडापाव उद्या दुसरीकडे होईल गो. छेडे नाही वाचणार पेपर, काय बिघडलं? बाकडं खरं कोणाला लागतं, ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. ते लिहायचं नाही, तर मग पत्र कशाला लिहायचं?"

मी टाइप केलं. आईला सांगितलं नाही. भित्री आहे मी.

दहाएक दिवसांनी, संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमारास, वॉर्ड ऑफिसातून एक तरुण इंजिनीअरबाई आल्या. हातात काकांचं पत्र. बऱ्याच हरकती वाचल्या, म्हणाल्या, पण नावं आणि मजला घालून लिहिलेली हरकत पहिल्यांदा बघतेय, म्हणून स्वतः तपासायला आले. त्यांनी गेटपाशी सगळ्यांना बोलावलं. काकाही खाली आले. घाग नुकतेच कामावरून आले होते. आई बाजाराची पिशवी घेऊन बाकड्यावरच बसली होती. छेडा बंधू एकमेकांपासून दहा फुटांवर उभे राहिले. आणि बाईंनी पत्र मोठ्याने, मराठी करून वाचायला सुरुवात केली.

वडापाव ऐकल्याबरोबर घागांनी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे पाहिलं. घागवहिनी तिथे उभ्या होत्या. "छे छे!" घाग ओरडले. "मी तळलेलं खातच नाही. डॉक्टरांनी बंद केलंय."

इंजिनीअरबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मग छेडा बंधूंचं वाचलं. थोरले म्हणाले, "मॅडम, मी तर ह्याला ओळखत पण नाही." धाकटे आकाशाकडे बघून म्हणाले, "पेपर कोण वाचतो आजकाल? सगळं मोबाईलवर असते." बाईंनी पुन्हा लिहून घेतलं.

वाट लागली होती. असली चूक आमचीच माणसं करू जाणोत. बाकडं वाचवायला सगळे जमले होते, आणि अब्रू वाचवायच्या नादात बाकडं आपल्याच हाताने उखडत होते.

"आजोबा," बाई काकांना म्हणाल्या, "तुमची दोन्ही उदाहरणं तर नाही म्हणतायत."

काकांचा चेहरा उतरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तरी म्हणाले, "उदाहरण खोटं असतं, तर हे लगेच हो म्हणाले असते."

बाईंनी तिसरं वाचलं. गुडघे. अकरा मिनिटं. भाजीवाला. सगळं. मी आईकडे बघूच शकले नाही. मी फुटपाथच्या लाद्या बघत होते. एवढा लांब कॉमा काकांनीही कधी घेतला नव्हता.

मग आईचा आवाज आला, तो मैदानावरचा. "खरं आहे."

मी वर पाहिलं. आई माझ्याकडे नाही, काकांकडेही नाही, सरळ त्या बाईंकडे बघत होती. "तीन मजले आहेत. मला एका दमात नाही चढवत. गेली दोन वर्षं नाही चढवत. हे बाकडं आहे म्हणून मी खाली उतरते. नसेल तर नाही उतरणार. लिहा."

बाई लिहायला लागल्या. पण पीटीची बाई एकदा उठली की वर्गाला सोडत नाही. आई तशीच बसल्या जागेवरून म्हणाली, "आणि घागभाऊजी, तुमच्या शर्टाच्या खिशातून चटणी गळतेय."

घागांनी खिशावर हात ठेवला. त्यामुळे आतला वडा दबला आणि प्रकरण आणखी बाहेर आलं. वरून घागवहिनींचा आवाज आला, "मला माहीतच होतं! दुधी केला की हे हसत हसत कसे खातात!"

"आणि मोठे छेडाभाई," आई म्हणाली, "मागच्या रविवारी तुमचं शब्दकोडं कोणी सोडवलं?"

थोरल्यांचा तोल गेला. "हां तो? अर्धा मी सोडला होता! ह्याने पूर्ण भरून टाकला, विचारलं पण नाय! आणि सात नंबर आडवा चुकीचा!"

"बरोबर आहे सात नंबर!" धाकटे किंचाळले.

आठ वर्षांनंतरचं त्या दोघांचं ते पहिलं संभाषण. ते पंचवीस मिनिटं चाललं. इंजिनीअरबाई तोवर बाकड्यावर आईशेजारी बसल्या आणि त्यांनी तिन्ही उदाहरणांपुढे बरोबरची खूण केली. जाताना त्या काकांना म्हणाल्या, "पत्र छान होतं." काकांच्या तोंडावर 'फॉर एक्झाम्पल' आलेलं मला दिसलं, पण त्यांनी ते गिळलं. आयुष्यात एकदाच.

बाकडं राहिलं. भिंतीकडे दोन फूट सरकवलं, एवढंच.

आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही आणि काकांशी तीन आठवडे. मधल्या काळात एक गोष्ट झाली. ती बाजारातून आली की पिशवी कोणीतरी उचलू लागलं. पहिल्या मजल्यापर्यंत घाग, पुढे धाकटे छेडा. कोणी काही विचारत नसे, भाजीवाल्याचं नाव काढत नसे. आई पहिले काही दिवस पिशवी ओढून घ्यायची, मग देऊ लागली. चौथ्या आठवड्यात तिने सकाळी घावणे केले, डब्यात भरले आणि मला काकांकडे पाठवलं. काकांनी डबा धुऊन परत दिला, आत चिठ्ठी: "वहिनी, घावणे चांगले होते." आईने चिठ्ठी उलटी केली, मागे दोनच शब्द लिहिले आणि मला पुन्हा खाली पिटाळलं. "फॉर एक्झाम्पल?" काका ती चिठ्ठी वाचून इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी दीड पान लिहून पाठवलं, जाळी, कडा, नारळाचा रस, सगळं. सेमीकोलनसकट.

काका गेल्या वर्षी गेले. दुपारचं जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मुलगी गोरेगावहून आली, तिने कागदपत्रं आवरताना सोसायटीच्या नावाची एक फाईल माझ्या हातात दिली. आत काकांनी स्वतःच्या शोकप्रस्तावाचा मसुदा करून ठेवला होता. इंग्रजीत, दोनच ओळी. कैलासवासी व्ही. आर. नेरुरकर हे सोसायटीच्या थोड्याफार उपयोगाचे होते. फॉर एक्झाम्पल, कॉमा, आणि पुढे तीन रिकाम्या जागा, मध्ये सेमीकोलन नीट दिलेले. खाली पेन्सिलीने मराठीत: "खरी उदाहरणं नसतील तर जागा रिकाम्या सोडाव्यात. एटसेट्रा लिहू नये."

सभा एरवी गच्चीवर होते; ही गेटपाशीच घेतली, आईला आणखी एक जिना नको म्हणून. खुर्च्या बाकड्याभोवती मांडल्या. जागा तीन आणि माणसं तीस, त्यामुळे शोकसभेत कधी होत नाही एवढा गोंधळ झाला. घाग म्हणाले, पहिली जागा माझी. काकांमुळे माझी चोरी पकडली गेली आणि आता बायको दर शनिवारी घरीच वडे करते. घागवहिनी म्हणाल्या, नाही, आधी बादली, चोवीस मिनिटांची. बादली बसली. दुसऱ्या जागेवर छेडा बंधूंनी हक्क सांगितला, पण वाक्य कसं असावं यावरून त्यांचं जुंपलं. काकांनी आम्हाला परत भांडायला लावलं, असं थोरल्यांचं म्हणणं होतं. बोलायला लावलं, असं धाकट्यांचं. शेवटी 'बोलायला आणि भांडायला' असं लिहिलं, तेव्हा दोघंही रडत होते आणि दोघंही एकमेकांना 'तू रडू नको' म्हणून दटावत होते. वडापाव बाहेर राहिला म्हणून घाग रुसून बसले.

तिसऱ्या जागेसाठी हात वर होतेच. पण आई म्हणाली, "ती माझी." आणि हात खाली गेले. मैदानावर जायचे तसेच.

"काय लिहू?" मी विचारलं.

आई बाकड्यावरून हात फिरवत होती. "लिही, मी कोणाला सांगितलं नव्हतं, तरी माझे गुडघे दुखतात हे त्यांनी लिहिलं." मग म्हणाली, "मला बाई फार बरं वाटलं होतं गं. तेव्हा बोलले नाही मी."

मी इंग्रजीत लिहिलं आणि प्रस्ताव वाचायला उभी राहिले. थोड्याफार उपयोगाचे होते, इथपर्यंत नीट वाचलं. मग 'फॉर एक्झाम्पल' म्हटलं आणि माझे डोळे आपोआप मिटले. बोटही वर गेलं असावं. मला वाटतं, मी फार वेळ तशीच उभी होते. आमच्या सोसायटीला त्या कॉमातून पळून जायची सवय होती.

डोळे उघडले तेव्हा सगळे तिथेच होते. धाकटे छेडासुद्धा.